साडेनऊला परत फिरणारे लीडर

लिफ्ट दुरुस्त करणं हा त्या गृहस्थांचा धंदा होता, पण ते स्वतः कधी लिफ्टमध्ये पाय ठेवायचे नाहीत. परळला गिरणीच्या जागेवर जो टॉवर उभा राहिला, त्यात बाविसाव्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. तिथली लिफ्ट बिघडली की ते हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून बावीस मजले जिन्याने चढून यायचे, लिफ्ट चालू करून द्यायचे आणि पुन्हा जिन्यानेच खाली जायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "मी ती आतून बघितली आहे." हे एकदा ऐकल्यावर आमच्या ऑफिसातल्या एक बाई महिनाभर चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने जात आणि तिथे लिफ्ट पकडत. चार मजल्यांनी त्यांचं कोणतं संकट टळत होतं कोण जाणे.

एकदा मी स्वतःच तेराव्या आणि चौदाव्या मजल्याच्या मधे अडकले. आत आम्ही सहा जण होतो. बाहेरून यांचा शांत आवाज आला, "घाबरू नका. दोर चार आहेत. एक तुटला तरी तीन राहतात."

आतून एकाने रडवेल्या आवाजात विचारलं, "आणि तीन तुटले तर?"

"मग मी जिन्याने खाली येतोच."

दार उघडल्यावर बाकीचे शेजारच्या लिफ्टकडे धावले. माझे पाय मात्र आपोआप जिन्याकडे वळले. ते पुढे, मी मागे, असे आम्ही बाविसाव्यापर्यंत चढलो. वर पोचल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "दम लागतो, पण बडबड करत नाहीस. रविवारी ये."

कुठे यायचं ते विचारायची गरज नव्हती. लालबागच्या आमच्या चाळीत ते दुसऱ्या माळ्यावर राहायचे, आम्ही पहिल्या. सगळी चाळ त्यांना लीडर म्हणायची, कारण ते दर वर्षी चाळीतल्या सात-आठ जणांना गोळा करून डोंगर चढायला न्यायचे. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर तेवढं असावं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, त्यासुद्धा गॅलरीतून हाक मारून सांगायच्या, "लीडर खाली असले तर सांग गो, भात निवता म्हणान."

लोक डोंगरावर जातात पावसाळ्यात. हिरवळ असते, धबधबे असतात, फोटो चांगले येतात. लीडर जायचे एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा डोंगरावर गवताची काडी शिल्लक नसते, पाण्याचा थेंब नसतो, आणि दगडावर हात ठेवला तर चटका बसतो. पावसाळ्यातल्या डोंगराबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "तो लग्नातला माणूस. नटलाय, अत्तर लावलंय, गोड बोलतोय. काय कळणार तुला? माणूस बघायचा तर कामावरून घरी आल्यावर बघावा." यावर कुणी काही बोललं तर ते "पावसात जा, छत्री घेऊन जा" एवढंच म्हणून विषय संपवायचे. त्यांच्या तोंडी ही शिवी होती.

त्यांच्या टोळीत शिरायचं तर परीक्षा असे. चाळीच्या चौकात ते खडूने दीड फूट रुंदीचा लांबलचक पट्टा आखायचे. हातात काठोकाठ भरलेला तांब्या घ्यायचा आणि पट्ट्याबाहेर पाऊल न टाकता, पाणी न सांडता जायचं. दिसायला अगदी सोपं. पण त्या वेळी तिन्ही माळ्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या असत. "अगो, सरळ चाल, हळदीकुंकवाक जातंस काय!" "चप्पल काढ ती!" "ही काय डोंगर चढतली, हिका दळण आणूक होणा नाय!" मी पहिल्या फेरीत अर्धा तांब्या माझ्याच पायावर ओतला. लीडर म्हणाले, "दरीला तोंड नसतं. इथे चाललीस तर तिथे चालशील." पुढे खरोखरच दोन्ही बाजूंनी तुटलेल्या धारेवरून गेले, तेव्हा मला तिथे फारच निवांत वाटलं. कोणी माझ्या चपलेबद्दल बोलत नव्हतं.

परीक्षा पास झालं की मग नियम. टोळीतल्या प्रत्येकाने खिशात एक कांदा ठेवायचा. मी विचारलं, "लीडर, कांद्याने खरंच ऊन लागत नाही?"

"लागतं की. पण खिशात कांदा असला की उन्हाची आठवण राहते. विसरलीस की मेलीस."

आमच्या गाडीला त्यामुळे कायम भेळेच्या गाडीसारखा वास यायचा. दुसरा नियम फोनचा. पायथ्याशी पोचलो की सगळ्यांचे फोन बंद करून त्यांच्या पिशवीत जायचे, आणि हातातली घड्याळंही त्याच पिशवीत. घड्याळ एकच, लीडरच्या मनगटावरचं, रोज चावी द्यावी लागणारं. "दोन घड्याळं झाली की दोन मतं होतात," असं ते म्हणायचे. तिसरा नियम असा की "आता जवळच आहे" आणि "थोडंच राहिलंय" ही वाक्यं कुणी उच्चारायची नाहीत. एका नवीन मुलीने एकदा चुकून "आलंच की आता" असं म्हटलं, तर तिला त्यांनी पुढचा तासभर स्वतःच्या मागे, काही न बोलता चालायला लावलं.

आणि सगळ्यात मोठा नियम साडेनऊचा. सकाळी साडेनऊ वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. माथा दोन हातांवर असला तरी. उन्हाळ्यातलं ऊन साडेनऊनंतर माणसाशी सभ्यपणे वागत नाही, असं त्यांचं म्हणणं. यावर वाद घालून उपयोग नव्हता. घड्याळाकडे बघून ते फक्त एकच शब्द बोलायचे, "वळा." आणि स्वतः वळून चालायला लागायचे. घड्याळ त्यांच्याकडे, फोन त्यांच्याकडे, वाट त्यांना माहीत. वळल्याशिवाय काय करणार?

या नियमामुळे कसारा बाजूच्या एका धारेशी त्यांचं आयुष्यभराचं भांडण होऊन बसलं होतं. बोडकी, उभी, दोन्ही बाजूंना सरळ तुटलेली धार. सावलीला एक झुडूप नाही. चढायला साडेतीन-पावणेचार तास लागायचे, आणि अंधारात तिच्यावर पाय ठेवणं म्हणजे जिवावरचा खेळ, म्हणून पावणेसहाला उजाडल्यावरच निघायचं. म्हणजे साडेनऊच्या आत माथा गाठायचा तर एकही मिनिट वाया घालवून चालत नाही. आणि चाळीतली माणसं म्हणजे मिनिटं वाया घालवण्यात जन्म गेलेली. लीडर दर वर्षी मे महिन्यात मोसमाचा शेवट त्या धारेने करायचे आणि दर वर्षी माथ्याच्या खालून परत यायचे. कधी कुणाच्या बुटाचा तळ सुटून दरीत गेला, कधी कुणाच्या पोटरीत गोळा आला. एका वर्षी एका नवविवाहित जोडप्याचं अर्ध्या वाटेत सासूवरून भांडण झालं आणि ते मिटेपर्यंत साडेनऊ वाजले.

"तुम्ही एकटे का नाही जात?" मी विचारलं होतं.

"एकट्याने जायचं तर लीडर कशाला म्हणवून घ्यायचं?"

काकी त्या धारेला सवत म्हणायच्या. "ह्येंका डोंगर गावतत, पण बाजारात कोथिंबीर गावणा नाय," असं सांगून झालं की त्यांची ठरलेली गोष्ट सुरू व्हायची. लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात लीडरनी त्यांना त्या धारेवर नेलं होतं. अंगात नायलॉनची साडी, पायात लीडरचे जुने कॅनव्हासचे बूट, पुढे कापूस कोंबलेले. साडेनऊचा नियम तेव्हा जन्माला यायचा होता. काकी दोनदा म्हणाल्या की मला गरगरतंय. लीडर दोन्ही वेळा म्हणाले, थोडंच राहिलंय. माथा पंधरा मिनिटांवर असताना काकी कोसळल्या. लीडरनी त्यांना पाठुंगळी घेऊन चार तास उन्हातून खाली आणलं, आणि पुढचे तीन दिवस त्या तापाने फणफणत होत्या. काकी ही गोष्ट हसून सांगायच्या. "वरातीत सगळे घोड्यार बसतत, मी घोवाच्या पाठीर बसलंय." चाळ हसायची. लीडर त्या वेळी उठून मोरीत पाणी आलंय का ते बघायला जायचे.

ही एवढी ओळख झाल्यावर मला दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्याकडे येता येईल.

त्या वर्षी लीडरचे गुडघे पार गेले होते. चढताना ठीक, उतरताना प्रत्येक पायरीला तोंड वाकडं व्हायचं. परळच्या डॉक्टरांनी जूनमधली ऑपरेशनची तारीख दिली आणि स्पष्ट सांगितलं की दोन्ही गुडघे बदलल्यावर चाला हवं तेवढं, पण डोंगर उतरणं बंद. म्हणजे धारेची ही शेवटची खेप होती. त्या महिन्यात लीडरनी चौकातला पट्टा रोज आखला आणि आम्हाला टॉवरच्या जिन्यावर इतक्या वेळा चढवलं, की तिथला वॉचमन आम्हाला बघून खुर्ची फिरवून बसायचा.

निघायच्या दोन दिवस आधी काकींनी मला वर बोलावलं. लीडर कामाला गेले होते. काकी जमिनीवर बसून सुकट निवडत होत्या.

"गो चेडवा, माझा एक काम करशीत?"

"सांगा ना काकी."

"त्यांच्या घड्याळाक हात लावशीत? अर्धो तास मागे कर."

घड्याळाला हात लावायचा म्हणजे लीडरच्या नरड्याला हात लावण्यासारखंच होतं.

"काकी, ते मला मारतील."

"मारणत नाय. मी सांगतंय." त्यांनी सुकटीचं ताट बाजूला सरकवलं. "माझ्यामुळा त्यांचा वरती जाणा ऱ्हवला. इतकी वर्षां ते एका शब्दान बोलूक नाय. मी हसून सांगतंय म्हणान तुमका वाटता, मी इसारलंय. पण दर मे म्हयन्यात ते तोंड पाडून घराक येतत, तेव्हा माका त्यांच्या तोंडाकडे बघवणा नाय. आता ह्या शेवटचा. एकदा जाऊंदेत वर. अर्ध्या तासान काय आभाळ कोसळणा नाय."

कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली आणि मी हो म्हटलं. मला ते तेव्हा फारच चांगलं काम वाटलं.

आम्ही आठ जण आदल्या संध्याकाळी पायथ्याच्या गावी पोचलो आणि शाळेच्या ओसरीवर झोपलो. आठांमध्ये तळमजल्यावरचे अण्णा होते. बँकेतून निवृत्त झालेले, मोठ्या पोटाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. त्यांना नेण्याचं एकच कारण होतं. अण्णा गाऱ्हाणं उत्तम घालायचे. मालवणी माणसाचं कुठलंही कार्य देवापुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवाला मागणी सांगायची आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणून गजर करायचा. शेवटची खेप म्हणून गाऱ्हाणं हवंच, असं चाळीने ठरवलं होतं. लीडरनी पाच मिनिटं मंजूर केली होती.

साडेपाचला गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या देवापुढे आम्ही उभे राहिलो. अण्णांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी काय तुझी लेकरां लालबागसून तुझ्या दारात इली आसत, त्यांची वाट सोपी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लीडरचे गुडघे आजच्या दिवसापुरते तरी सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबले असते तर बरं होतं. पण अण्णांना सूर लागला. चाळीतल्या एकेका खोलीची पाळी आली. तिसऱ्या माळ्यावरची गळती, सात नंबरच्या मुलाची नोकरी, अण्णांच्या पुतण्याचं लग्न, बिल्डरला सुबुद्धी. प्रत्येक वाक्याला आम्ही व्हय म्हाराजा म्हणत होतो, आणि लीडर हात जोडून, उजळत चाललेल्या आभाळाकडे बघत व्हय म्हाराजा म्हणत होते. गाऱ्हाणं मधे तोडता येत नाही. लीडरसुद्धा तोडू शकत नव्हते. त्यांनी नियम केले होते ते डोंगरावरचे, देवापुढचे नव्हेत.

शेवटी अण्णांनी आपल्या गावच्या सगळ्या देवदेवतांची नावं घेतली आणि नारळ फोडला. बाजूला दात घासत उभे असलेले गावातले एक आजोबा म्हणाले, "बाबा, तुम्ही घेतले त्यातला एकबी देव आमच्याकडं नाही."

खरंच होतं. अण्णांनी सवयीने सिंधुदुर्गातल्या देवांना हाक मारली होती, आणि समोरचा देव आपलं नाव यायची वाट बघत ताटकळला होता. आता काय करायचं? ज्याच्या दारात उभे आहोत त्याचंच नाव राहिलं, असं कसं पुढे जायचं? सगळ्यांचे चेहरे पडले. आजोबांकडून देवाचं नाव विचारून घेतलं, गाडीतून दुसरा नारळ आणला, आणि अण्णांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा सुरू केलं. गळतीसकट.

संपलं तेव्हा सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. लीडरच्या तोंडावरचा रंग उडाला होता. ते हापशावर तोंड धुवायला गेले आणि नेहमीप्रमाणे घड्याळ काढून जवळ उभं असेल त्याच्या हातात दिलं. जवळ मी उभी होते, मुद्दाम. पाठ फिरवून मी काटे अर्धा तास मागे नेले.

घड्याळ बांधताना त्यांनी बघितलं आणि डोळे बारीक केले. "पाच पंचावन्नच? मला वाटलं अण्णाने तास खाल्ला."

"मनातल्या मनात जास्त वाटतं, लीडर," मी म्हटलं.

चढताना एकदा ते थांबून म्हणाले, "सूर्य जरा पुढे वाटतोय." मी म्हटलं, "मे महिना आहे ना." हे इतकं निरर्थक होतं की ते पुन्हा चालायला लागले.

त्या दिवशी सगळे चांगले चालले. कुणाचा बूट सुटला नाही, कुणाचं भांडण झालं नाही. धारेवर पाऊल ठेवायला दीड फूट जागा, उजवीकडे दरी, डावीकडे दरी, पायाखाली सुटा मुरूम. लीडर पुढे खाली मान घालून एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत होते. शेवटच्या चढाखाली बसायला जरा सपाट कातळ होता, तिथे आम्ही थांबलो. माथा समोर दिसत होता. फार तर पंधरा मिनिटं. लीडरनी घड्याळ बघितलं. सव्वानऊ. त्यांनी पुन्हा बघितलं. मग ते हसले. मी आठ वर्षं त्यांच्याबरोबर डोंगर चढत होते, पण त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. गणिताचा पेपर सोपा गेलेल्या मुलासारखं ते हसू होतं. मलाही इतका आनंद झाला की वाटलं, आत्ताच सगळं सांगून टाकावं.

पाणी प्यायला त्यांनी हातातली काठी कातळाच्या फटीत उभी केली आणि सवयीने तिच्या सावलीकडे बघितलं. बाटली तोंडाशी नेता नेता थांबले. सावलीच्या टोकावर खडा ठेवून त्यांनी काठी उपटली आणि फटीपासून खड्याच्या दिशेने आडवी ठेवली. सावली काठीपेक्षा वीतभर आखूड होती.

"मे महिन्यात साडेनऊला सावली काठीएवढी असते," ते हळू आवाजात म्हणाले. "घड्याळाला कोणी हात लावला?"

घड्याळ आम्हाला दाखवायला असतं आणि ते स्वतः सावली बघतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "मी." आणि मग, शपथ घातलेली असूनही, "काकींनी सांगितलं. त्यांच्यामुळे तुमचं राहिलं, असं त्यांना वाटतं. म्हणून."

लीडर माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. ते आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले आणि अण्णांपाशी थांबले. अण्णा कातळावर बसले होते. तोंड लालभडक, आणि कपाळ अगदी कोरडं. तासाभरापूर्वी त्यांच्या शर्टातून घाम निथळत होता.

"अण्णा, पाणी प्यालास?"

"व्हय म्हाराजा," अण्णा म्हणाले.

आम्ही हसलो. लीडर हसले नाहीत. "अण्णा, तुझ्या बायकोचं नाव काय?"

"व्हय म्हाराजा," अण्णा पुन्हा म्हणाले.

पुढच्या अर्ध्या तासात मी लीडरला जितकं भराभर हलताना बघितलं तितकं कधी बघितलं नव्हतं. दोन चादरी काठ्यांवर ताणून सावली केली, सगळ्यांचं पाणी गोळा केलं, अण्णांचा शर्ट काढून ओल्या पंच्याने अंग पुसत राहिले, मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने पाजलं. माझ्या हातात पुठ्ठा दिला आणि वारा घाल म्हणाले. मी वारा घालत होते आणि रडत होते. अर्ध्या तासाने काही आभाळ कोसळणार नाही, असं मला वाटलं होतं. ते माझ्यासमोर चादरीखाली आडवं पडलं होतं.

शेवटी अण्णांनी डोळे उघडले आणि बायकोचं नाव सांगितलं. वर तिच्याबद्दल एक तक्रारही केली, तेव्हा ते शुद्धीवर आल्याची खात्री पटली.

एकाने भीत भीत म्हटलं, "लीडर, आम्ही अण्णांपाशी बसतो. तुम्ही जाऊन या. पंधरा मिनिटं तर…" त्याने वाक्य अर्धंच ठेवलं.

लीडरनी सावलीकडे बघून घड्याळ बरोबर लावलं, चावी दिली, आणि म्हणाले, "वळा."

उतरायला साडेपाच तास लागले. अण्णांचा एक हात लीडरच्या खांद्यावर होता आणि प्रत्येक पायरीला लीडरच्या घशातून बारीकसा आवाज येत होता. मी तीनदा मागे वळून माथ्याकडे बघितलं. त्यांनी एकदाही बघितलं नाही. खाली गावात आंब्याच्या सावलीत अण्णा दोन तांबे ताक प्याले आणि दुसऱ्या नारळाचं खोबरं कोणी खाल्लं याची चौकशी करू लागले. गावातल्या डॉक्टरांनी त्यांना तपासून ठीक आहे म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे मी अण्णांच्या शेजारून उठले.

गाडीत लीडर माझ्या शेजारी बसले होते. कल्याण आल्यावर म्हणाले, "असं परत करू नको." थोड्या वेळाने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घरी मी बोलेन. कोणी मधे तोंड घालायचं नाही."

चाळीत पोचलो तेव्हा संध्याकाळचे दिवे लागले होते. काकी दुसऱ्या माळ्याच्या जिन्यापाशी उभ्या होत्या. आम्ही सगळे मागे. मला वाटलं, आता त्या विचारणार, ते नाही म्हणणार, आणि या दोघांच्या मधे कुठे बघायचं ते मला कळणार नाही.

"पोचलात?" काकींनी विचारलं.

"पोचलो," लीडर म्हणाले.

आम्ही सातही जण जिन्यावर जागच्या जागी थिजलो. या माणसाने दिवाळीच्या फराळाचंही खोटं कौतुक कधी केलं नव्हतं.

"खरांच?"

"मग. वर सपाटी आहे मोठी. वारा छान होता."

"वारो काय तो!" अण्णा मागून म्हणाले, बंदी विसरून. "आणि तळा असा वरती. पाणी असा थंडगार, बर्फ म्हणशाल!" लीडरनी मान मागे वळवली, तेव्हा अण्णांनी आपलं तळं तिथेच सोडून दिलं.

काकींनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत नुसता आनंद. आपली युक्ती लागू पडली असं त्यांना वाटत होतं, आणि मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

"किती वाजता पोचलात?"

"नऊ वीस," लीडर घड्याळ न बघता म्हणाले. "साडेनऊच्या आत."

म्हणजे खरे नऊ पन्नास वाजले असणार, हे काकींना, त्यांच्या समजुतीने, पक्कं ठाऊक होतं. त्या गालात हसल्या, पदर खोचला, आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नऊ विसाक पोचाक येता, तर मगे इतकी वर्षां काय करीत होतात?"

लीडर उंबऱ्यावर टेकले आणि बुटाची नाडी सोडायला वाकले, पण गुडघे वाकेनात. काकी खाली बसल्या, त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि घट्ट बसलेली गाठ दातांनी सोडवू लागल्या.